परदेशी निघालेल्या लेकीसाठी

(डहाणू येथे महाविद्यालयीन विद्यार्थी, पालक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर केलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'युरोपातील शिक्षण'. प्रारंभीच कबूल करतो की, तेथील कोणत्याही विद्यापीठाची पायरी मी विद्यार्थी म्हणून चढलेलो नाही. कलाशाखेची पदवी घेतली आणि वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तरीही हे निमंत्रण मी स्वीकारले, त्याचे कारण एक मुलगी.

काही महिन्यांपूर्वी तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर गेलो होतो. घर वारली कुटुंबाचे. मुलीने विज्ञानाची पदवी चांगल्या गुणांनी मिळवलेली. जर्मनीत पुढचे शिक्षण घेण्याचे तिच्या मनात आहे. वडील ओटीवर बसून आमचे बोलणे ऐकत होते. बराच वेळ गप्प राहून त्यांनी एकच विचारले, पोरगी परत येईल ना? मुलगी मला पोहोचवायला रस्त्यापर्यंत आली. तिचा प्रश्न वेगळा होता. ती म्हणाली, "सर, तिथे मला कोण म्हणून ओळखतील?" त्या दोघांना मी तेव्हा गुळमुळीत उत्तरे दिली. ती दोन्ही उत्तरे नीट देण्याचा प्रयत्न आज करणार आहे.

मुलीचा प्रश्न आधी घेतो, कारण तो अधिक अवघड आहे.

१९२८ साली पुण्याहून एक तरुण विवाहिता बर्लिनला शिकायला गेली. नाव इरावती कर्वे. जन्म ब्रह्मदेशातला, म्हणून तिथल्या इरावती नदीचे नाव. मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. झालेली. बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म संस्थेत तिने मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी प्रवेश घेतला. तिचे मार्गदर्शक होते प्रा. ऑयगेन फिशर. हे फिशर त्या काळातले मोठे प्रस्थ. १९०८ साली आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत जाऊन त्यांनी मिश्रवंशीय लोकांची मोजमापे घेतली होती आणि वंशभेदाच्या शास्त्राचे ते अग्रणी मानले जात. पुढे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरुपद याच गृहस्थांकडे गेले.

या प्राध्यापकांनी इरावतीबाईंना विषय दिला मानवी कवटीच्या विषमतेचा. युरोपीय माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू इतरांच्या तुलनेत अधिक विषम असतात आणि त्या विषमतेचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी आहे, अशी त्यांची अटकळ होती. ती सिद्ध करायला हाताशी कवट्यांचा संग्रह होता. त्यातल्या कित्येक कवट्या आफ्रिकेतील वसाहतींमधून आणलेल्या. कोणाच्या तरी पूर्वजांच्या. त्या कोणी, कशा, कोणाच्या परवानगीने उचलल्या, हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

मित्रहो, क्षणभर त्या खोलीत जाऊन उभे राहा. परका देश, परकी भाषा. गुलाम देशातून आलेली, कर्जाच्या पैशावर शिकणारी विद्यार्थिनी. समोर जगद्विख्यात प्राध्यापक. त्यांना कोणते उत्तर अपेक्षित आहे, ते न सांगताही कळते. ते उत्तर लिहून दिले की पदवी घेऊन घरी जायचे, इतके सोपे होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. मोजून आकडे मांडले आणि लिहिले की, वंशावरून असा काही भेद दिसत नाही. विषमता सगळ्यांच्याच कवट्यांत आहे, युरोपियनांचा त्यात काही विशेष नाही.

या मुलीने घोषणा दिली नाही, निषेध केला नाही, गुरूचा अनादरही केला नाही. मोजमापाची साधने त्यांचीच, पद्धत त्यांचीच, संग्रह त्यांचाच. उत्तर मात्र खरे दिले. ती संस्था होती ती इमारत आज बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आहे. फिशर यांची अटकळ शास्त्राच्या अडगळीत गेली आणि इरावतीबाई डॉक्टरेट घेऊन १९३० साली पुण्याला परतल्या. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी एक अख्खा विभाग उभा केला आणि 'युगान्त'सारखा ग्रंथ मराठीला दिला, हे आपणास ठाऊक आहेच. (त्या मोजमापाची पट्टी मात्र सोबत घेऊनच परतल्या आणि इथल्या जातीजमातींचीही डोकी मोजत राहिल्या. शिकलेल्या गोष्टीचा अंमल पुसायला वेळ लागतो, हेही नोंदवले पाहिजे.)

म्हणून त्या मुलीला माझे उत्तर असे. तिथे तुला कोण म्हणून ओळखतील, हे तिथले लोक एका दिवसात ठरवून टाकतील. कोणी 'इंडियन' म्हणतील, कोणी 'ट्रायबल' म्हणून कुतूहलाने पाहतील, एखादा प्राध्यापक तुझ्याच समाजाविषयी तुलाच पुस्तकातून शिकवील. आपल्याकडेही हे कमी झाले आहे असे नाही. वारली म्हणजे भिंतीवरची पांढरी चित्रे, इतकेच ज्ञान असलेली शहरी मंडळी या डहाणूच्या गाडीत रोज भेटतात. अशा वेळी रागावून उपयोग नाही आणि दबूनही उपयोग नाही. मोजायला शीक. त्यांच्याच पट्टीने मोज आणि जे दिसेल ते लिही.

याच तालुक्यातले एक उदाहरण आहे. गंजाडचे जिव्या सोमा मशे शाळेत शिकलेले नव्हते. लग्नचौक लिहिण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. त्या चौकातली रेषा मशे यांनी कागदावर, कापडावर आणली. १९८९ साली पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या बरोबरीने त्यांचे काम मांडले गेले. २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. युरोपने त्यांच्याकडून घेतले, आणि ते घेताना मशे यांना आपली रेषा बदलावी लागली नाही. कणसरी, पालघट, तारपा हे सारे जसेच्या तसे तिकडे गेले. ज्याच्यापाशी काही आहे तो विद्यार्थी म्हणून गेला, तरी रिकाम्या हाताने जात नाही.

आता वडिलांचा प्रश्न. परत येईल का?

पालकांनो, ही धास्ती केवळ पाड्यावरच्या बापाची आहे असे समजू नका. इरावतीबाईंच्या जर्मनीला जाण्याला घरातून विरोध होता आणि तो कोणाचा होता? सासऱ्यांचा. सासरे कोण? स्त्रीशिक्षणासाठी सारे आयुष्य वाहिलेले महर्षी धोंडो केशव कर्वे! ज्यांनी परक्यांच्या लेकी शिकवल्या, त्यांचे मन स्वतःच्या सुनेला सातासमुद्रापलीकडे धाडताना कचरले. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यांनी आग्रह धरला. पैसे जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतले. मौज अशी की, पुढच्याच वर्षी, १९२९ साली, सत्तरी ओलांडलेले अण्णासाहेब स्वतःच युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि जिनीव्हाच्या शिक्षण परिषदेत आपल्या महिला विद्यापीठाविषयी बोलून आले.

आणि आपल्याच भागातले पाहा. माधवराव काणे कल्याणहून तलासरीत आले आणि येथे वनवासी मुलांसाठी वसतिगृह चालू लागले, तेव्हा पाड्यावरून मुलगा तलासरीला पाठवणे हेच आई-बापांना परदेशी धाडण्यासारखे होते. मूल बाटेल, बिघडेल, आपले राहणार नाही, असे तेव्हाही वाटत होते. कार्यकर्त्यांना एकेका घरी चार-चार खेपा घालाव्या लागत. त्याच वसतिगृहात चिंतामण वनगा शिकले, वकील झाले आणि १९९६ साली डहाणूचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. राहिले मात्र शेवटपर्यंत इथलेच.

तरीही खोटा धीर देणार नाही. गेलेले सगळे परत येत नाहीत. मध्यमवर्गीय घरांत आम्ही हे दोन पिढ्या पाहतो आहोत. पुण्या-डोंबिवलीच्या कित्येक सोसायट्यांत दोन वृद्ध माणसे आणि भिंतीवर नातवंडांचे छायाचित्र, एवढेच घर उरले आहे. त्याचा सगळा दोष मुलांवर टाकून आपण मोकळे होतो. या मुलीने परत येऊन करायचे काय, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला? माती, पाणी आणि जंगल यांविषयी शिकून ती आली, तर डहाणूत तिला काम आहे. १९९१ साली केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. इथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली आणि त्यावरून गावागावांत वाद आहेत. या प्रत्येक ठिकाणी इथल्या मातीतल्या तज्ज्ञाची गरज आहे. ती जागा आजही मुंबई-दिल्लीहून येणारे भरतात. मुलगी परत येईल का, हे विचारण्यापूर्वी तिच्यासाठी खुर्ची ठेवली आहे का, हे आम्ही कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारायला हवे.

एकटेपणाविषयी थोडे बोलतो, कारण मुले ते घरी सांगत नाहीत. ९ जून १९०६ रोजी सावरकर 'पर्शिया' बोटीने मुंबईहून निघाले. वय तेवीस. घरी तान्हा मुलगा. बोटीवर हरनामसिंग नावाचा पंजाबी तरुण होता. घरच्या आठवणीने तो इतका व्याकूळ झाला की, वाटेतूनच परत फिरायला निघाला. सावरकरांनी त्याची समजूत घातली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. समजूत घालणाऱ्याचे स्वतःचे काय झाले? लंडनमध्ये असतानाच १९०९ साली त्यांचा तो मुलगा, प्रभाकर, देवीच्या आजाराने गेला. त्याच वर्षी थोरल्या बंधूंना जन्मठेप झाली. बॅरिस्टरीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही ग्रेज इनने सनद नाकारली. 'सागरा प्राण तळमळला' याच काळात, ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिले गेले. ते गाणे आपण समारंभात म्हणतो, पण ते परदेशी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे दुःख आहे, हे विसरतो. आणि त्याच विद्यार्थ्याने त्याच लंडनच्या ग्रंथालयांत बसून, इंग्रजांच्याच कागदपत्रांतून १८५७ चा इतिहास बाहेर काढला. पुन्हा तेच. पट्टी त्यांची, मोजणारा आपला.

जर्मनीत डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. डहाणूच्या मुलीला हे अंगावर येणार. भात मिळेल, नागलीची भाकरी मिळणार नाही. भाषा येत नसेल, तर दुकानदारही परका वाटतो, म्हणून इथेच सहा महिने जर्मन शिकून जा. वर्ग इंग्रजीत असला, तरी शेजारीण जर्मनच असते.

परमुलखात कसे राहावे, याचा धडा आपल्या डोंगरात आहे. संजाणला उतरलेल्या पारशी बांधवांची, दुधात साखरेची कथा आपण जाणतो. ते संजाण तलासरीच्या शिवेपलीकडेच. पुढे संजाणवर आक्रमण झाले, तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरातील लेण्यांत नेला आणि बारा वर्षे जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. भाषा त्यांनी इथली घेतली, वेष इथला घेतला, या देशाला भरभरून दिले. अग्नी विझू दिला नाही. बोर्डीच्या वाटेने जाताना तो डोंगर त्या मुलीला एकदा दाखवा.

आता व्यवहाराचे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून ते द्यावे लागते. आणि शुल्क नसले तरी व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधी गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक. हे न सांगता 'सगळे मोफत' म्हणणारे दलाल आहेत. माझ्या माहितीतील एका कुटुंबाने अशाच एकाला जमिनीचे पैसे दिले. प्रवेश खोटा निघाला. जमीन विकू नका. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, त्याची चौकशी इथे डहाणूच्या प्रकल्प कार्यालयात करता येते. केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा अनुसूचित जमातींसाठी साऱ्या देशात वर्षाला अवघ्या २०, त्यांतल्या तीन विशेष दुर्बळ जमातींसाठी. आपले कातकरी बांधव त्यांत येतात. इतक्या मोठ्या देशाला वीस जागा! यावर लिहायला हवे, मी लिहिणार आहे. पण ज्या आहेत, त्यांसाठी तरी आपल्या तालुक्यातून अर्ज गेला पाहिजे. जातवैधता प्रमाणपत्र आणि पारपत्र, ही दोन कागदपत्रे आजपासूनच काढायला घ्या. मुलांचे वर्ष गुणांवाचून जात नाही, कागदांवाचून जाते.

ती मुलगी आज सभागृहात आहे. तिचे वडीलही आले आहेत, मघाशी दारात भेटले. त्यांनी जातवैधतेचे कागद पिशवीत घालून आणले आहेत. माझी मुंबईची गाडी सुटायला अजून तासभर अवकाश आहे. ज्यांना काही विचारायचे असेल, त्यांनी डावीकडच्या टेबलाशी यावे. आधी त्यांचे कागद पाहू.