घरच्या घरी चित्रकला
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेले भाषण)



आम्हाला विषय मिळाला तो चित्रकलेचा. काही जण मनात हसले असतील. शेतीची कामं, पोरांचा अभ्यास, आणि हे म्हणतात चित्रं काढा! पण आपल्या वस्तीत कोणत्याही घरी गेलं की एक गोष्ट दिसते. भिंतीवर तथागतांचं आणि बाबासाहेबांचं चित्र असतंच. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, घरातले जुने देव गेले आणि ही चित्रं आली. चांगलंच झालं. मात्र ती सगळी विकत आणलेली. घरातल्या माणसाच्या हातचं चित्र भिंतीवर क्वचितच असतं.

पैसा हे त्याचं कारण नाही. कारण भीती आहे. एका उपासिकेनं आम्हाला विचारलं, "बुद्धाचं चित्र वाकडं झालं तं अपमान नाही का होत?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ज्यांच्या हाती शतकानुशतके लेखणी येऊ दिली नाही, त्यांच्या मनात हे भय राहणारच. तथागतांनी कर्मात चेतना, म्हणजे हेतू, मोठा मानला. प्रेमानं काढलेलं चित्र बिघडलं म्हणून कोणाचा अपमान होत नाही.

आणि सुरुवात चेहऱ्यापासूनच करा, असं कोणी सांगितलं? सांची आणि भारहूत इथल्या जुन्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात दाखवलेलेच नाहीत. तिथे बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे, पावलांचे ठसे आहेत, रिकामं आसन आहे. त्या काळच्या कारागिरांनी याच खुणांनी बुद्ध सांगितले. आपणही तिथूनच सुरू करू या.

पिंपळाचं एक पान आणा. समोर ठेवा आणि पाहून काढा. आपण बहुतेक जण पान पाहत नाही, डोक्यातलं पान काढतो, म्हणून आंबा, पिंपळ, पळस सगळे सारखेच होतात. पिंपळाचं टोक किती लांब जातं, मधली शीर कुठे वळते, हे दहा मिनिटं निवांत बघा. पहिली चार चित्रं बिघडतील. पाचव्यात पान दिसू लागतं, अन् मग पोट्टं स्वतःहून दुसरा कागद मागतं.

धम्मचक्राची सोपी युक्ती आहे. वर्तमानपत्रावर ताटली ठेवून गोल कापा. त्याची तीनदा निम्मी घडी घाला आणि उघडा. मध्यापासून आठ रेघा मिळतात, तेच आठ आरे. कंपासपेटी लागत नाही. राष्ट्रध्वजावरच्या चक्राला चोवीस आरे आहेत. त्यासाठी प्रत्येक भागाचे आणखी तीन भाग करायचे, हे पोरांना स्वतः शोधू द्या. गणितही होऊन जाईल.

सामान घरातच आहे. जुन्या कॅलेंडरची मागची पांढरी बाजू चालते. बारीक काड्या झाकणाच्या डब्यात घाला, झाकणाला लहान छिद्र ठेवा आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवा. काड्यांचा कोळसा होतो, त्यानं सुंदर रेघ उठते. डबा मात्र मोठ्यांनीच ठेवावा आणि काढावा. हळद आहे, गेरू आहे, पळसाची फुलं उकळून केशरी पिवळा रंग होतो. पळसाची आपल्या तालुक्यात काय कमी!

अजिंठ्याची चित्रंही अशाच साध्या वस्तूंवर उभी आहेत. खडकावर माती, धानाचा कोंडा आणि झाडांचे तंतू कालवून लेप दिला, वर चुन्याचा पातळ हात दिला, अन् गेरू, पिवळी माती, काजळी यांनी रंगवलं. निळा रंग तेवढा दूरच्या अफगाणिस्तानातल्या दगडाचा. माती आणि कोंडा कालवून भिंत लिंपणं आपल्या आयाबायांना शिकवावं लागत नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीखाली हीच माती आहे.

कोणी कॅलेंडर पाहून काढत असेल तर "नक्कल करतो" म्हणून टोचू नका. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे ग्रिफिथ्स साहेब आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्यात राहून कित्येक हंगाम नकलाच काढत होते. पाहून काढताना हात शिकतो.

मोठ्यांनी मागे बसून राहू नये. बाबासाहेबांनी उतारवयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, कुंचला हाती घेतला, व्हायोलिन शिकायला घेतलं. त्यांनी काढलेलं उघड्या डोळ्यांच्या बुद्धांचं चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ज्यांना पुढे जायचं त्यांच्यासाठी शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या परीक्षा आहेत. पण सगळ्यांनीच परीक्षेसाठी काढावं असं नाही. संध्याकाळी अर्धा तास टीव्ही बंद ठेवून आई आणि लेक एका कागदावर बसल्या, तरी पुष्कळ झालं.

येत्या बुद्ध पौर्णिमेला विहारात आतल्या भिंतीला दोरी बांधू आणि चिमट्यांनी सर्वांची चित्रं लावू. नंबर काढणार नाही, बक्षीसही नाही. आजोबा-आजींनीही आणावं. कागदामागे नाव लिहा, वय लिहू नका. आदल्या दिवशी सायंकाळच्या वंदनेपर्यंत चित्रं विहारात पोचवावीत.

जयभीम! नमो बुद्धाय!