पैसा गावाचा, ठरावही गावाचाच
(म्हसवड, ता. माण येथील बैठकीतले भाषण)



म्हसवडला नगरपरिषद आहे, ग्रामसभा नाही. म्हणून इथले लोक विचारतात, वॉर्डाचा पैसा कुठं लावायचा हे नगरसेवकानं आम्हाला विचारायला नको का? विचारलंच पाहिजे. पुण्याची महापालिका २००६ पासून बजेटसाठी नागरिकांकडून कामं मागवते.

आम्ही जंगलातली माणसं. आमच्या पेसा गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. काम ग्रामसभेनं ठरवायचं. पण सभा न भरवता वही घरोघर फिरवली, अंगठे घेतले, की ठराव ठेकेदाराचा होतो. मग नको तिथं गटार होतं आणि पाण्याची विहीर राहून जाते.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव एकमत होईपर्यंत बोलतं, मगच ठरवतं. आपणही तसंच करू. आधी महिला सभा, मग ग्रामसभा. आधी कामांची यादी, मग ठराव. झालेला खर्च सभेत मोठ्यानं वाचायला लावू. कोऱ्या वहीवर अंगठा द्यायचा नाही.

निवडून दिला तो कारभारी. मालक आपण.

जोहार!