स्मृतिमैफलीतली नांगरणीची गाणी

२४ एप्रिल जवळ आला की येरेवान, पॅरिस, लॉस एंजेलिस, जिथे जिथे आर्मेनियन माणूस आहे तिथे स्मृतिमैफली होतात. १९१५ साली त्या दिवशी ऑटोमन सरकारने कॉन्स्टँटिनोपलमधल्या आर्मेनियन लेखक, पत्रकार, धर्मगुरूंची धरपकड सुरू केली आणि पुढच्या संहाराला तोंड फुटले. त्यामुळे नवखा श्रोता विलाप ऐकायच्या तयारीनेच सभागृहात शिरतो. तिथे त्याला ऐकू येतात नांगरणीची गाणी, लग्नातली गाणी, तितर पक्ष्यावरचे एक खेळकर गाणे.

ही गाणी या मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकेत आली कोमितासमुळे. १८६९ साली क्युताह्या गावी जन्मलेला हा पोरका मुलगा तुर्की बोलत वाढला. १८८१ मध्ये त्याला एचमिआदझिनच्या धर्मपीठात नेले, तेव्हा आर्मेनियन बोलता येत नसूनही त्याने त्या भाषेत गाऊन दाखवले, असे सांगतात. पुढे तो धर्मगुरू झाला, बर्लिनमध्ये शिकला आणि गावोगाव फिरून हजारो गाणी टिपत राहिला. कुर्दी चालीसुद्धा त्याने वगळल्या नाहीत. लोरी भागातल्या नांगरणीच्या गाण्यावर तर त्याने स्वतंत्र अभ्यास लिहिला. औत चालू असताना शेतकरी बैलांना हाका घालतो, एकमेकांना साद देतो, मध्येच सूर लांबवतो. हे सारे त्याने स्वरलिपीत पकडले. वृंदगानासाठी बांधणी करतानाही जर्मन पुस्तकातली स्वरसंगती त्याने या एकाच आवाजात गायच्या चालींवर लादली नाही. त्या चालींच्या घडणीतूनच त्यांना दुसरा आवाज दिला. १९०६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे गायन झाले, तेव्हा तिथले जाणकार चकित झाले.

१९१५च्या धरपकडीत कोमितासही होता. चांकिरी गावी पाठवलेल्यांपैकी तो काही दिवसांत परतला, पण मन कायमचे ढासळले. १९३५ साली तो पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात वारला. बरीच टिपणे हरवली; उरलेली हजाराहून अधिक गाणी आज गायली जातात.

मैफलीत दुदुक हवाच. जर्दाळूच्या लाकडाचे, रुंद दुहेरी पातीचे हे वाद्य बहुधा जोडीने वाजते. एक वादक चाल वाजवतो, दुसरा श्वास न तोडता एकच सूर धरून ठेवतो. सनईमागे सूर धरणारा साथीदार ज्याने ऐकला आहे, त्याला ही रीत परकी वाटणार नाही. ‘ग्लॅडिएटर’सारख्या चित्रपटांनी मात्र दुदुकला नुसते रडायला बसवले. खेड्यात तो लग्नातही वाजतो आणि अंत्ययात्रेतही.

उत्तरार्धात बहुतेकदा संगीतकार खाचातुरियन येतो. त्याचे ‘तलवार नृत्य’ नको तितके वाजवले जाते, हे खरेच. पण ते ज्यातले, तो १९४२चा ‘गायने’ हा मूळ बॅले सामूहिक शेतावरच्या माणसांचा आहे, हे लक्षात घेतले की तो कोमितासच्या नांगरणीपाशी अगदी उपरा वाटत नाही.

स्मृतिमैफल सभागृहापुरतीच नसते. संहाराच्या शताब्दीच्या पूर्वसंध्येला, २३ एप्रिल २०१५ रोजी, येरेवानच्या रिपब्लिक चौकात पावसात हजारो तरुण जमले होते. मंचावर ‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ होते, आर्मेनियन वंशाच्या अमेरिकी वादकांचे रॉक पथक. आर्मेनियातला त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम होता, प्रवेश विनामूल्य होता आणि गिटारी पुऱ्या ताकदीने कडाडत होत्या.