स्त्रीवाद : एकाच तराजूची मागणी



‘स्त्रीवाद’ हा शब्द कानी पडताच अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, त्यात पुरुषद्वेष शिकविला जातो, त्याने घरे मोडतात, असे समज सुशिक्षितांतही आढळतात. शब्द नवा असेल. विचार परका नाही. १८८२ सालचे एक मराठी पुस्तक त्याला साक्षी आहे.

१८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली; परंतु त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून सरसकट स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे ओढले गेले. त्या विधवेची पुनर्विवाहाची वाट रूढीने बंद केली होती, आणि त्या अर्भकाला कोणी पिताही होता, याकडे मात्र टीकाकारांचे लक्ष गेले नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्या संतापातून ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. पुण्यात तो छापला गेला. किंमत होती नऊ आणे. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. भाषा जहाल आहे, क्वचित कडवटही आहे; परंतु मागणी सूडाची नाही, दोघांनाही एकाच तराजूत तोलण्याची आहे. पुस्तकावर टीकेची झोड उठली तेव्हा ताराबाईंच्या बाजूने लेखणी उचलली ती महात्मा जोतीराव फुले यांनी, १८८५ साली, ‘सत्सार’मधून. स्त्रीवाद हे केवळ स्त्रियांचे कार्य होय, हा समजही तेथेच गळून पडतो.

मापाचे महत्त्व व्यापारी समाजाला निराळे सांगावयास नको. घेताना एक माप व देताना दुसरे, हा ‘हीनाधिक मानोन्मान’ तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचा अतिचार म्हणून सांगितला आहे. पेढीवर कटाक्षाने पाळला जाणारा हा नियम घराचा उंबरठा ओलांडताना मात्र बाहेरच राहतो.

वडिलांच्या पश्चात मुलाने वाटा मागितला तर तो व्यवहारी. मुलीने मागितला तर ती लोभी, माहेर तोडणारी. वास्तविक जैनांनाही लागू असणाऱ्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. हा हक्क जन्मसिद्ध आहे, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याचीही अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. तरीही हक्कसोडपत्रे होतच असतात.

बहिणीने राजीखुशीने हक्क सोडू नये, असे स्त्रीवाद म्हणत नाही. त्यागाची महती सांगणाऱ्या समाजात तसे म्हणण्याचे कारणही नाही. परंतु त्याग होतो तो आपल्या मालकीच्या आणि आपणांस ठाऊक असलेल्या वस्तूचा. निबंधक कार्यालयात भाऊ बोट ठेवील तेथे बहीण सही करते, अंगठा उठविते. दस्तात कोणती जमीन, किती क्षेत्र, हे तिला वाचून दाखविण्याइतका वेळ पुष्कळदा कोणाजवळच नसतो.