दूरवैद्यक सेवा आणि गावाची जबाबदारी

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील अंतर आपण कागदावर किलोमीटरांत मोजतो. खेड्यातील माणूस ते निराळ्या मापाने मोजतो. तालुक्याच्या रुग्णालयात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, एस.टी.चे भाडे भरायचे, सोबतीला घरातील आणखी एकाला न्यायचे, आणि रांगेत उभे राहिल्यावर कळायचे की त्या विकाराचे तज्ज्ञ आज आलेले नाहीत. असा एक फेरा फुकट गेला की पुन्हा जाण्याची उमेद राहत नाही. दुखणे अंगावर काढले जाते ते केवळ अज्ञानापोटी, असे समजण्याचे कारण नाही; पुष्कळदा त्यामागे हा हिशेब असतो. भामरागड परिसरात पर्लकोटा नदीला पूर आला की वाटच खुंटते. अक्राणी तालुक्यातील नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी तर बोटीवरील तरंगता दवाखाना उभारावा लागला. अशा ठिकाणी वैद्यकीय सल्ला तारेवरून पोचवता आला, तर त्याचे मोल केवढे आहे हे सांगावयास नको.

ही कल्पना तशी नवी नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००१ मध्येच उपग्रहाच्या साहाय्याने दूरच्या रुग्णालयांना मोठ्या रुग्णालयांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला होता. परंतु तिचा खरा विस्तार झाला तो ‘ई-संजीवनी’मुळे. मोहाली येथील सी-डॅकने घडविलेली ही राष्ट्रीय सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाची दूरवैद्यकविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, नागरिकास घरूनच डॉक्टरांशी बोलता यावे अशी सोय झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतून दिल्या गेलेल्या सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली.

आता हे काम कसे चालते ते पाहू. सपाटीच्या प्रदेशात सुमारे ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात सुमारे ३,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र, असा आपला निकष आहे. ज्या उपकेंद्राचे आरोग्यवर्धिनी केंद्रात, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, रूपांतर झाले तेथे समुदाय आरोग्य अधिकारी असतो. तो रुग्णाची तपासणी करतो, रक्तदाब व साखर मोजतो, माहिती नोंदवतो आणि दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांशी संपर्क साधून देतो. डॉक्टर रुग्णास पाहतात, प्रश्न विचारतात व औषधाची चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठीबरहुकूम गोळ्या देणे आणि पुढची तारीख सांगणे, हे पुन्हा उपकेंद्राचेच काम.

रक्तदाब, मधुमेह, त्वचेचे विकार, शस्त्रक्रियेनंतरची विचारपूस यांस ही पद्धत फार उपयोगी पडते. परंतु तिच्या मर्यादाही लोकांना स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. सर्पदंश, अडलेली बाळंतपणे, छातीतील तीव्र वेदना अशा प्रसंगी पडद्यासमोर बसण्यात वेळ घालवू नये. तेथे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णास रुग्णालयातच न्यावे. काही गुंगीकारक औषधे या मार्गाने लिहून देण्यास मनाई आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

माझ्या नोकरीतील एक प्रसंग सांगतो. एका उपकेंद्रात साठीच्या एक बाई आल्या. मोजणी केली तेव्हा रक्तदाब बराच चढलेला आढळला. दूरच्या डॉक्टरांनी योग्य गोळ्या लिहून दिल्या. केंद्रात साठा थोडा असल्याने १० दिवसांच्याच मिळाल्या. त्या संपल्या तेव्हा बाईंना बरे वाटत होते. गोळ्या संपल्या म्हणजे आजार संपला, असा त्यांनी समज करून घेतला, आणि तो दूर करण्यास त्यांच्या दारी कोणी गेले नाही. चार महिन्यांनी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. सल्ला अचूक होता, यंत्र चालू होते, सल्ल्याची संख्या अहवालात भरली गेली होती. तो अहवाल माझ्या टेबलावरही आला होता. त्यातील किती रुग्ण पुन्हा आले, हा प्रश्न मी विचारला नाही.

तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की या सेवेचे यशापयश तारेच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे तुमच्या गावात, ठरते. उपकेंद्राची वीज गेली तर पर्यायी सोय आहे काय? बाईमाणसास मोकळेपणी बोलता येईल अशी, दार लागणारी खोली आहे काय? आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाच्या वतीने सल्ला मागताना रुग्णाची स्पष्ट संमती घेतली पाहिजे, असे नियम सांगतो. ती घेतली जाते काय? मेळघाटात कोरकू, भामरागडात माडिया बोलणाऱ्या रुग्णाचे म्हणणे शहरातील डॉक्टरांपर्यंत कोण पोचवणार? ही कामे मंत्रालयातून होणारी नाहीत. त्यांतील पुष्कळशी पंचायतीच्या आणि गावच्या आरोग्य समितीच्या आवाक्यातील आहेत.

शिक्षकांकडूनही मोठी अपेक्षा आहे. गावात चिठ्ठी वाचून दाखवणारा विश्वासाचा माणूस बहुधा शिक्षकच असतो. औषध मध्येच सोडू नये, जुनी चिठ्ठी जपून ठेवावी, या साध्या गोष्टी विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तेथे मराठीत विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या फळ्यावर असावा. परीक्षेने खचलेले मूल आणि कर्जाने खचलेला त्याचा बाप, दोघांनाही तो उपयोगी पडेल.

शेवटी एकच विनंती. आरोग्य समितीच्या पुढील बैठकीत तीन आकडे मागा : या महिन्यात किती जणांनी सल्ला घेतला, त्यांपैकी किती जणांना पूर्ण औषध मिळाले आणि किती जण ठरल्या तारखेस परत आले. पहिला आकडा तुम्हांला कोणीही चटकन देईल. दुसरा व तिसरा मिळेपर्यंत बैठक सोडू नका. जे परत आले नाहीत त्यांची नावे आशाताईंच्या हाती द्या, आणि त्यांच्या घरी जाताना तुमच्यापैकी एकाने तरी सोबत जा.