सुटकेनंतरचा हिशोब

अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहातून किंवा अकोल्याच्या जिल्हा कारागृहातून सुटलेल्या माणसाला काम तर हवेच, पण त्याआधी हवा व्यवहार. नोव्हेंबर 2016 पूर्वी आत गेलेल्याच्या ओळखीच्या पाचशे-हजाराच्या नोटा आज चालत नाहीत. पानटपरीवरही क्यूआर कोड लटकतो. दोन वर्षे व्यवहार नसलेले बँक खाते निष्क्रिय होते. केवायसीची कागदपत्रे दिली की ते विनाशुल्क पुन्हा सुरू होते, पण हे ठाऊक नसेल तर माणूस सावकाराचे दार ठोठावतो. म्हणूनच पैशाचे शिक्षण हा पुनर्वसनाचा पाया आहे.

कोणी म्हणेल, इथे कष्टाळू शेतकरी कर्जात बुडालाय, मग गुन्हेगाराला मदत कशाला? पण न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून संपलेली असते. पुढची उपेक्षा बायकापोरे भोगतात. शिवाय ही खैरात नव्हे. राज्य सहकारी बँकेने 2022 मध्ये येरवड्यात सुरू केलेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत कैद्यांना 50 हजारांपर्यंत कर्ज मिळते, तेही 7 टक्के व्याजाने आणि कारागृहातल्या कमाईतून फेडायचे. विश्वास टाकला की हिशोबाची सवय लागते, हेच त्यामागचे सूत्र.

आपल्या ओळखीत असे कुणी असेल, तर त्याला आधी बँकेत न्या, पैसे काढायची स्लिप त्यालाच भरू द्या आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे बजावा. कायद्याची अडचण असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत सल्ला देते. क्रमांक आहे 15100.