वीजवापर आणि आर्थिक वाढ : आकड्यांमागील प्रश्न

विजेचा वापर आणि राष्ट्रीय उत्पन्न यांचे आलेख शेजारी ठेवले, तर विकसनशील देशांत ते बहुधा बरोबरीने चढताना दिसतात. स्वातंत्र्याच्या वेळी भारताची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता सुमारे १,३६२ मेगावॉट होती आणि दरडोई वार्षिक वापर जेमतेम १६ युनिट होता. २०२३-२४ पर्यंत हा वापर १,३०० युनिटांच्या पुढे गेला. परंतु विजेमुळे उत्पन्न वाढले, की उत्पन्न वाढल्याने विजेची मागणी वाढली, हे आलेखांवरून कळत नाही. आणि धोरणकर्त्याला हवे असते नेमके तेच.

क्राफ्ट आणि क्राफ्ट या संशोधकांनी १९७८ साली अमेरिकेच्या १९४७ ते १९७४ या काळातील आकडेवारीवरून असे दाखविले की, तेथे कार्यकारणभाव उत्पन्नाकडून ऊर्जावापराकडे जातो, उलट दिशेने नाही. पुढे याच धर्तीचे अभ्यास देशोदेशी झाले. त्यांची उत्तरे मात्र जुळली नाहीत. १९५०-५१ ते १९९६-९७ या काळातील भारतीय आकडेवारीवर आधारित, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्षही वाढ पुढे आणि वीज मागे, असाच होता. तेव्हा वीजवापराला आळा घातला तरी वाढीला बाधा येणार नाही, असे अनुमान त्यावरून काढता येते. हे अनुमान सोयीचे असले तरी घाईचे आहे.

टंचाईच्या देशात मोजला जातो तो पुरवठा, मागणी नव्हे. २००७-०८ मध्ये भारतात कमाल मागणीच्या वेळची तूट १६ टक्क्यांहून अधिक होती. भारनियमनात बंद राहिलेला यंत्रमाग वा पिठाची गिरणी यांची मागणी कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. शेतीचे आकडे तर याहून संदिग्ध. सत्तरच्या दशकापासून अनेक राज्यांनी कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीनुसार आकारणी सुरू केली. त्यामुळे शेतीचा वापर हा मोजलेला नसून अंदाजलेला आकडा झाला आणि गळती व चोरी त्यात सहज सामावून गेली. अशा आकड्यांवर संख्याशास्त्राची कितीही सूक्ष्म कसोटी लावली, तरी मूळ माहितीतील दोष दूर होत नाही.

‘विद्युतीकरण’ या शब्दाचीही तीच गत. १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली, की ते गाव विद्युतीकृत गणले जाई. २००४ च्या व्याख्येने किमान १० टक्के घरांना जोडणी आवश्यक केली. २०११ च्या जनगणनेतही ग्रामीण भागातील केवळ ५५ टक्के कुटुंबे दिव्यासाठी वीज वापरत होती. एप्रिल २०१८ मध्ये सर्व गावांपर्यंत वीज पोहोचल्याचे जाहीर झाले. घरोघरीच्या जोडण्यांसाठी २०१७ पासून ‘सौभाग्य’ योजना राबविण्यात आली.

तथापि जोडणी म्हणजे उपयोग नव्हे. या दृष्टीने गुजरातमधील ‘ज्योतिग्राम’ योजना अभ्यसनीय आहे. २००३ ते २००६ या काळात तेथे गावठाणाचे आणि कृषिपंपांचे फीडर वेगळे करण्यात आले. पूर्वी दोघांचे फीडर एकच असल्याने पंपांचा थ्री-फेज पुरवठा रोखला, की गावातील गिरणीही थांबे. विलगीकरणानंतर गावाला २४ तास थ्री-फेज वीज मिळू लागली आणि शेतीला ठरलेले आठ तास. शिंपी, सुतार, गिरणीवाले, वेल्डिंगवाले यांना दिवसभर काम करता येऊ लागले. तोटाही झाला, आणि तो सहसा सांगितला जात नाही : विहिरीच्या मालकाकडून पाणी विकत घेणाऱ्या अल्पभूधारकांना आणि खंडकऱ्यांना पाणी कमी व महाग मिळू लागले.

म्हणजे युनिटांची बेरीज बरीचशी तीच राहिली, तरी वीज कोणाला, कोणत्या वेळी आणि किती खात्रीने मिळते यावर उत्पन्नाची वाटणी बदलते. नवव्या योजनेच्या काळात (१९९७-२००२) वीजवापराची उत्पन्नाशी असलेली लवचिकता एकाच्या खाली आली होती. त्यात कार्यक्षमतेचा वाटा किती आणि न मिळालेल्या विजेचा किती, हे वेगळे करण्यासाठी फीडरनिहाय तास आणि रोहित्रनिहाय मोजणी लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-कुसुम’ योजनेत कृषी फीडरचे सौरीकरण अंतर्भूत आहे. तेथे पहिल्या दिवसापासून मीटर बसविले, तर पंपाच्या विजेचा आकडा निदान त्या फीडरपुरता अंदाजाचा राहणार नाही.